उसनी रीत आणि गळ्यातले मणी

श्रोतेहो, नमस्कार. लग्नसराईचे दिवस आहेत, म्हणून दुसऱ्यांकडून घेतलेल्या रितींबद्दल बोलते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या आपल्या भागात कोणती रीत मराठी आणि कोणती कन्नड, हे निवडत बसलो तर मुहूर्त टळेल. बाशिंग दोघांचं, अक्षता दोघांच्या. नवरीचं इरकल बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलचं. कन्नड घरची सून आली की सुरगीचं न्हाणं येतं: चार कोपऱ्यांना तांबे, त्यांना गुंडाळलेलं सूत, मध्ये पाटावर नवरा-नवरी. सूत कसं फिरवायचं ते तिची आईच येऊन दाखवते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून सीमेचा वाद धगधगतोय, तरी सोयरिकी थांबल्या नाहीत. या देवाणघेवाणीला कुणी चोरी म्हणू नये.

हल्ली हळदीला जे चाललंय त्याचा मात्र मला फार त्रास होतो. कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ आणि लाल-पांढरे मणी, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे देवीची मूर्ती ठेवलेली टोपली, आणि चौंडकं या जोगतिणींच्या वाद्याच्या ठेक्यावर रील. हौस म्हणून जोगतिणीचं, देवीला वाहिलेल्या बाईचं, सोंग!

ते मणी कुठले, ठाऊक आहे ना? सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावानं कोवळ्या पोरींच्या गळ्यात ते बांधले जात. तेच तिचं लग्न. नवरा नाही, संसार नाही, आणि जन्मभर गावाची नजर. 1982 साली कर्नाटकानं पोरींना देवदासी म्हणून देवाला सोडण्याविरुद्ध कायदा केला. तरी ते मणी घेऊनच म्हाताऱ्या झालेल्या बाया अजून आपल्या गल्लीत जोगवा मागायला येतात. मार्गशीर्षात, देवी विधवा झाली असं मानतात त्या रांडाव पुनवेला, देवीबरोबर त्यांचेही चुडे फुटतात.

अशाच एका हळदीत आत नाच रंगला होता आणि दारात खरी जोगतीण परडी घेऊन उभी होती. तिला कुणी आत घेतलं नाही. पसाभर तांदूळ घालून वाटेला लावलं.

सुरगी शिकवणारी विहीणबाई मांडवात मानानं बसते. ही बाई उंबऱ्याबाहेर, आणि तिचं दुःख आत दागिना म्हणून मिरवतंय. याला देवाणघेवाण कसं म्हणायचं?

चौंडकं हवंच असेल तर तिला आमंत्रण द्या. बिदागी आधी ठरवा, बसायला पाट द्या, ती गाईल ते पूर्ण ऐका, जाताना ओटी भरा. मणी तिचे तिलाच राहू द्यात. आणि इव्हेंटवाल्याकडे भाड्याच्या पोशाखांची यादी असते, त्यातून हा पोशाख आजच वगळायला सांगा.