क्लब नेमका कुणाचा? ऑस्ट्रेलियातला फुटबॉल आणि त्याचे भांडखोर चाहते

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विषय परदेशातला असला तरी सुरुवात आपल्या बालेवाडीतून करता येते. ३० जानेवारी २०२२. महिला आशिया चषकाचा उपांत्यपूर्व सामना, ऑस्ट्रेलिया विरुद्ध दक्षिण कोरिया. नऊच दिवसांपूर्वी अंधेरीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८-० असं धुतलं होतं. त्यात सॅम कर हिने पाच गोल केले आणि देशासाठी सर्वाधिक गोलांचा, पुरुष संघाच्या टिम केहिलचा विक्रम मोडला. बालेवाडीत मात्र सामना संपत आला असताना कोरियाच्या जी सो-युनने लांबून चेंडू हाणला आणि ऑस्ट्रेलियाचं सामान बांधलं गेलं. तिकडच्या चाहत्यांनी मग एकच धोशा लावला: प्रशिक्षक टोनी गुस्तावसनला हाकला.

त्याला हाकललं नाही. दीड वर्षाने, ऑगस्ट २०२३ मध्ये, याच प्रशिक्षकाच्या हाताखाली ‘मटिल्डाज’, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा महिला संघ, घरच्या विश्वचषकात उपांत्य फेरीत पोचल्या. ब्रिस्बेनला फ्रान्सविरुद्धचं पेनल्टी शूटआउट ७-६ पर्यंत ताणलं गेलं, आणि इंग्लंडविरुद्धचा पुढचा सामना सत्तर लाखांहून जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिला. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन कोटींच्याही आत होती, हे लक्षात घ्या.

हे सांगण्याचं कारण असं, की चाहत्यांचं मत मी देवाचा कौल मानत नाही. प्रशिक्षक कोण हवा, कुणाला बाकावर बसवावं, परदेशी खेळाडू किती घ्यावेत, यावर ते रोज बोलतात आणि निम्म्या वेळा तोंडघशी पडतात. पण एका प्रश्नावर ते वीस वर्षं बरोबर आहेत आणि खुर्चीवरची मंडळी चुकत आली आहेत. क्लब कुणाचा, हा तो प्रश्न.

एक खुलासा. मेलबर्नमध्ये ‘फुटी’ म्हटलं की अंडाकृती चेंडूचा ऑस्ट्रेलियन रूल्स, सिडनीत तोच शब्द रग्बी लीगला. मी बोलतोय तो आपला गोल चेंडूचा फुटबॉल. क्लबांतून तो खेळणारे लोक तिथे इतर कुठल्याही सांघिक खेळापेक्षा जास्त आहेत. पैसा, टीव्ही आणि वर्तमानपत्रांची पानं मात्र बाकीचे दोघे घेऊन जातात.

हा खेळ तिथे रुजला तो दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांनी आलेल्या लोकांमुळे. ग्रीक, इटालियन, क्रोएशियन, हंगेरियन, मॅसिडोनियन, ज्यू. दिवसभर कारखान्यात राबायचं, भाषा येत नाही, मग रविवारी आपली माणसं भेटणार कुठे? क्लबवर. साउथ मेलबर्न हेलास ग्रीकांचा, सिडनीतला मार्कोनी इटालियनांचा, सेंट जॉर्ज बुडापेस्ट हंगेरियनांचा, हाकोआ ज्यूंचा. तिथे लग्नं जमायची, नोकऱ्या लागायच्या, राजकारणही व्हायचं. बाकीचा गोरा ऑस्ट्रेलिया या खेळाला तुच्छतेने ‘वॉग बॉल’ म्हणायचा. दक्षिण युरोपातून आलेल्यांना दिलेली ती शिवी. १९७७ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली ती याच क्लबांच्या जिवावर.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. १९८९ मध्ये साउथ मेलबर्नचा प्रशिक्षक म्हणून कोण आला, तर फेरेन्क पुश्काश! १९५०च्या दशकातल्या हंगेरीचा आणि रेआल माद्रिदचा तो पुश्काश. त्याचं इंग्रजी यथातथा, पण अथेन्सच्या पानाथिनाइकोसला त्याने शिकवलं होतं, त्यामुळे ग्रीक येत होतं. संघाचा तरुण कर्णधार ग्रीसमधून पाच वर्षांचा असताना आलेला. तो पुश्काशला गाडीतून मैदानावर न्यायचा-आणायचा आणि त्याचं ग्रीक बोलणं इतरांना इंग्रजीत सांगायचा. त्या कर्णधाराचं नाव अँज पोस्टेकोग्लू. पुश्काश गेला, मिडल पार्कचं ते मैदानही मोटार शर्यतीच्या पायी गेलं. तो मुलगा मात्र प्रशिक्षक झाला, २०१५ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियाला आशिया चषक जिंकून दिला आणि २०२५ मध्ये टॉटनहॅमला युरोपा लीग. ऑस्ट्रेलियन फुटबॉलने जगाला दिलेला सगळ्यात नामवंत प्रशिक्षक एका स्थलांतरितांच्या क्लबात घडला. तो क्लब २००४ नंतर देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये नाही.

का नाही? फुटबॉलची राष्ट्रीय संघटना कर्जात होती, प्रेक्षक रोडावले होते, काही सामन्यांत युरोपातली जुनी वैरं स्टँडमध्ये उतरत होती. २००३ मध्ये सरकारने नेमलेल्या क्रॉफर्ड समितीने कारभार मुळापासून बदलायला सांगितलं. सूत्रं उद्योगपती फ्रँक लोवी यांच्या हाती आली. जुनी लीग बंद झाली आणि ऑगस्ट २००५ मध्ये आठ संघांची ‘ए-लीग’ उभी राहिली. प्रत्येक शहराला एकच संघ, कुठल्याही समाजाचा शिक्का नको, आणि खालून वर येण्याची वाट बंद. घोषणाच होती, ‘जुना सॉकर, नवा फुटबॉल’. गंमत बघा, लोवी स्वतः युरोपातून आलेले निर्वासित, आणि त्यांचा या खेळातला प्रवेश हाकोआ क्लबातून झालेला.

नव्या फुटबॉलचं नशीबही जोरावर होतं. १६ नोव्हेंबर २००५ च्या रात्री सिडनीत गोलरक्षक श्वार्झरने उरुग्वेच्या दोन पेनल्टी अडवल्या, जॉन अलॉइसीने शेवटची मारली, आणि १९७४ नंतर पहिल्यांदा ऑस्ट्रेलिया विश्वचषकाला निघाला. त्या जल्लोषात कुणाला बाहेर ठेवलंय हे विचारायला सवड कुणाला होती? पण त्या रात्री मैदानावर असलेले कितीतरी खेळाडू याच जुन्या क्लबांच्या अंगणात वाढले होते.

तेव्हापासून चाहत्यांत फूट पडली. जुन्या क्लबांच्या लोकांना नवे लोक ‘बिटर’ म्हणतात, म्हणजे सदा कडवट. पहाटे उठून इंग्लंडची प्रीमियर लीग बघणारा, पण गावातल्या सामन्याला न फिरकणारा तो ‘युरोस्नॉब’. मला विचाराल तर बिटरांची चिडचिड मला समजते, युरोस्नॉबची नाही. आपल्याकडेही आर्सेनलचा शर्ट घालून मुंबई सिटीचा गोलरक्षक कोण हे ठाऊक नसलेले पुष्कळ आहेत. हसू नका, तुमच्यातलेही असतील.

बिटरांना सगळंच माफ करावं असंही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रोएशियन वारसा सांगणारा सिडनी युनायटेड ५८ ऑस्ट्रेलिया चषकाच्या अंतिम फेरीत पोचला. राज्य पातळीवरच्या क्लबाने तिथवर मजल मारण्याची ती पहिलीच वेळ. अभिमानाचा दिवस असायला हवा होता. पण स्टँडमधल्या काहींनी नाझी सलाम ठोकले, आदिवासी परंपरेप्रमाणे होणाऱ्या स्वागताच्या वेळी हुर्यो केली. ज्यांना जुने क्लब नकोच होते त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. समाजाचा क्लब म्हणजे आपोआप चांगला क्लब, असं मानणाऱ्यांनी तो दिवस विसरू नये.

आता डिसेंबर २०२२ कडे येतो, कारण माझा सगळा मुद्दा त्या एका आठवड्यात आहे. कतारच्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाने डेन्मार्कला हरवून बाद फेरी गाठली होती. मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरमध्ये मध्यरात्रीनंतर हजारो माणसं नाचत होती. ३ डिसेंबरला मेस्सीच्या अर्जेंटिनाकडून २-१ अशी हार झाली, पण ताठ मानेने. लोकांच्या मनात एवढा गोडवा वर्षानुवर्षांत नव्हता. लीग चालवणाऱ्यांनी तो किती दिवस टिकू दिला? १२ डिसेंबरला त्यांनी जाहीर केलं, की पुढची तीन वर्षं पुरुषांचे आणि महिलांचे अंतिम सामने सिडनीतच होतील. तोवरची रीत अशी होती, की अंतिम फेरीतल्या ज्या संघाचं स्थान वरचं, त्याच्या घरी सामना. खेळून मिळवलेला तो हक्क न्यू साउथ वेल्सच्या पर्यटन खात्याला विकून टाकला होता.

पर्थचा माणूस विचारू लागला, माझा संघ पहिला आला तर सामना बघायला मी साडेतीन हजार किलोमीटर जायचं? ॲडलेडचा क्रेग गुडविन घोषणेच्या व्हिडिओत झळकला होता, तोही चाहत्यांच्या बाजूने बोलला. खुद्द सिडनीचे चाहते म्हणाले, असा फुकटचा मान नको. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे गट एका रात्रीत एक झाले. ठरलं असं, की विसाव्या मिनिटाला उठून चालतं व्हायचं.

अनेक मैदानांवर ते शिस्तीत झालं. १७ तारखेला मेलबर्नच्या व्हिक्टरी विरुद्ध सिटी सामन्यात मात्र बिनसलं. धुराच्या नळकांड्या मैदानात पडल्या, सिटीचा गोलरक्षक टॉम ग्लोव्हरने एक उचलून परत स्टँडकडे फेकली, आणि व्हिक्टरीच्या बाजूचा जमाव आत घुसला. कुणीतरी धातूची बादली ग्लोव्हरच्या तोंडावर मारली. चेहरा रक्ताने माखला, सामना तिथेच थांबला. व्हिक्टरीला साडेपाच लाख डॉलरचा दंड झाला. मूर्खपणा नव्हे, तो गुन्हा होता. आणि त्या बादलीने चाहत्यांच्या रास्त म्हणण्याचं जितकं नुकसान केलं तितकं कुठल्याच अधिकाऱ्याला जमलं नसतं. वर्तमानपत्रांना हवी ती बातमी मिळाली: बघा, हे सॉकरवाले असेच.

तरीही करार टिकला नाही. २०२३ चा अंतिम सामना तेवढा सिडनीत झाला. सेंट्रल कोस्ट मरिनर्सने सिटीचा ६-१ असा फडशा पाडला. तिथे तीन गोल करणारा जेसन कमिंग्ज पुढे कोलकात्याला मोहन बागानकडे आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये करार गुंडाळला गेला. मग २०२४ चा अंतिम सामना कुठे झाला? गॉसफर्डला, मरिनर्सच्या घरी. सिडनीच्या उत्तरेचं किनाऱ्यावरचं छोटं शहर, मैदानाच्या एका टोकाला पामची झाडं, पलीकडे खाडी. खच्चून भरलेल्या त्या मैदानात मरिनर्सने व्हिक्टरीला जादा वेळेत हरवलं. ओरडणारे ओरडले नसते तर तो सामना गॉसफर्डने टीव्हीवर पाहिला असता.

पैशाची बाजू थोडक्यात. २०२१ च्या अखेरीस अमेरिकी गुंतवणूकदार कंपनी सिल्व्हर लेकने लीगमध्ये १४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर घातले. त्यातला बराच पैसा एका डिजिटल उपक्रमात मुरला. जानेवारी २०२४ मध्ये तो बंद पडला आणि निम्म्याच्या आसपास कर्मचाऱ्यांना नारळ मिळाला. क्लबांना मिळणारा वार्षिक वाटा मग पार आटला. दुसऱ्या टोकाला आईबाप आहेत. चांगल्या अकादमीत मुलाला खेळवायचं तर वर्षाला दोन-दोन हजार डॉलर फी. स्थलांतरित कामगारांनी उभा केलेला खेळ आज स्थलांतरित कामगारांनाच परवडत नाही, ही तक्रार मी तिथे इतर कुठल्याही तक्रारीपेक्षा जास्त ऐकली.

आपल्या ओळखीचंही यात काही आहे. मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या गटाने २०१४ मध्ये मेलबर्न हार्ट विकत घेतला आणि त्याचं नाव मेलबर्न सिटी केलं. लाल-पांढरा रंग गेला, आकाशी आला. त्याच गटाने २०१९ मध्ये मुंबई सिटीतही मोठा हिस्सा घेतला. आणि गोव्यात काय झालं आठवतंय? २०१४ मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग आली, तिथेही खालून वर येण्याची वाट बंद. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, निषेध म्हणून. धेंपोचा पाठीराखा आणि साउथ मेलबर्नचा पाठीराखा एका बाकावर बसले तर त्यांना दुभाषा लागणार नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये एक खिडकी उघडली आहे. ‘ऑस्ट्रेलियन चॅम्पियनशिप’ नावाची १६ क्लबांची नवी राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. साउथ मेलबर्न, मार्कोनी, प्रेस्टन, सिडनी युनायटेड, सगळी जुनी नावं त्यात आहेत. पण ती जिंकून ए-लीगमध्ये जाता येत नाही. अधिकारी म्हणतात, हळूहळू. बिटर म्हणतात, वीस वर्षं हेच ऐकतोय. मी बिटरांच्या बाजूने आहे. मात्र ए-लीगच्या मालकांनी जागेसाठी पैसे मोजले आहेत आणि आपला संघ खाली ढकलला जाण्याला ते सुखासुखी हो म्हणणार नाहीत, हेही मला दिसतं.

(व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं: “माझा मुलगा मेलबर्नच्या टार्नेटमध्ये राहतो. नातू फुटबॉलवेडा आहे. त्याने कुठला संघ धरावा?”)

काका, बरं विचारलंत. टार्नेटमध्ये आपली माणसं खूप आहेत. त्या भागासाठीच म्हणून एक संघ काढला होता, वेस्टर्न युनायटेड. २०१८ च्या अखेरीस त्याला परवाना मिळाला तो टार्नेटला नवं स्टेडियम बांधतो या वचनावर. स्टेडियम काही उभं राहिलं नाही. सरावाची मैदानं आणि लहानसा स्टँड झाला, तोही कितीतरी उशिरा. संघ कधी जिलाँग, कधी बॅलरॅट असा बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरला. तशातही २०२२ मध्ये विजेता ठरला, आणि प्रशिक्षक कोण, तर तोच पेनल्टीवाला अलॉइसी. मग पैसे संपले, आणि २०२५-२६ च्या हंगामात संघ मैदानात उतरलाच नाही. ज्या उपनगरात मुलं ढिगाने आहेत तिथे संघ नाही.

तेव्हा नातवाला शहरात न्या. ए-लीग बघायची तर व्हिक्टरी आणि सिटी दोघांचंही घर एएएमआय पार्क. पण एकदा तरी हिवाळ्यात साउथ मेलबर्नच्या लेकसाइडला घेऊन जा. सुवलाकी खा, जवळच्या ग्रीक आजोबांना पुश्काशबद्दल विचारा, आणि घरी परतायला उशीर होणार हे सूनबाईंना आधीच सांगून ठेवा.