काळ्यावर काळं: प्वेब्लो घराण्यांची माती

मंडळी, नमस्कार.

प्वेब्लो म्हणजे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको भागातल्या मूळ रहिवाशांचं गाव, आणि तिथल्या लोकांनाही प्वेब्लोच म्हणतात. त्यातल्या सान इल्डेफोन्सो प्वेब्लोचं काळं भांडं जवळून पाहा. अंग आरशासारखं, आणि नक्षीही काळीच, फक्त तिला चमक नाही. मारिया आणि ज्युलियन मार्टिनेझ या जोडप्याने १९१९च्या सुमारास ही रीत बसवली. मारिया भांडी घडवायच्या, ज्युलियन नक्षी काढायचे.

इथे चाक नाही. मातीत ज्वालामुखीची राख मळतात. आपला कुंभार लीद-राख घालतो, त्यामागचं कारण तेच: निव्वळ माती वाळताना आकसून तडकते. बशीसारख्या ‘पुकी’त बूड बसवायचं, वर मातीच्या वळ्या चढवायच्या, भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्याने भिंत सारखी करायची. वाळल्यावर घासायचं आणि तांबड्या मातीचा पातळ लेप द्यायचा.

खरी परीक्षा घोटाईची. ओल असेतो नदीतल्या गुळगुळीत गोट्याने सलग घोटायचं. हात थांबला, लेप वाळला, की ओरखडे उठतात. मग सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. हे गोटे आईकडून लेकीकडे जातात, ते उगाच नाही. नक्षी नंतर, युका नावाच्या झाडाच्या पानाच्या कुंचल्याने आणि मातीच्याच पातळ लेपाने. ती घोटत नाहीत, म्हणून मंद राहते.

भाजणं उघड्यावर: जाळीवर भांडी, भोवती पत्रे, सरपण, गोवऱ्या. आच भरली की भुगा केलेल्या लिदीने सगळं दाबून टाकतात. हवा तुटते, मातीतल्या लोहाचा ऑक्सिजन ओढला जातो, धुरातला कार्बन मुरतो आणि तांबडं भांडं काळं होतं. फट राहिली तर डाग पडतो, ओल राहिली तर कपची उडते, आच फार चढली तर चमकच जाते. भाजणं कमी आचेचं, म्हणून अशा भांड्यात पाणी कधीही ठेवू नका. ते झिरपतं आणि चमक बिघडते.

दुसऱ्या एका गावचे, कोचिटी प्वेब्लोचे, व्हर्जिल ऑर्टिझ मातीकाम आई सेफेरिना यांच्याकडून शिकले. १६८०मध्ये प्वेब्लो लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला. त्यातली माणसं ऑर्टिझ यांनी आपल्या कलेत थेट २१८० सालात नेली. विषय एवढा धाडसी, पण माती कोचिटीचीच, पांढरा लेप तिथल्या परंपरेचाच, आणि काळा रंगही रानपालकाचा पाला उकळून, आटवून केलेला. आम्हाला त्यांची हीच निष्ठा सर्वात मोलाची वाटते. हा रंग वनस्पतीचा असल्याने आच जरा जास्त झाली की जळून जातो, आणि महिनाभर रंगवलेला चेहरा आगीतून कोरा निघतो.