आईच्या कानाशी टॉवेल

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी भिंतीवर आईचा जो फोटो आहे, तो एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापलेला आहे. तिच्या खांद्यापाशी कुणाच्या तरी शालूचा काठ अजून दिसतो. तिचे एकटीचे फोटो नव्हते असं नाही. पण एकात डोक्यामागून ट्यूबलाइट आडवी गेलेली, दुसऱ्यात कानाला लागून दोरीवरचा टॉवेल. दोन्ही मीच काढलेले.

समोर आई बसलेली असते तेव्हा टॉवेल चार हात मागे आहे, हे आपल्या दोन डोळ्यांना कळतं. फोटो सपाट असतो. त्यात तो टॉवेल थेट कानाला येऊन चिकटतो.

अशा वेळी आधी आपण हलावं. एक पाऊल बाजूला, गुडघे जरासे वाकवले, की दोरी डोक्यामागून सरकते. मग माणसाला भिंतीपासून सात-आठ फूट पुढे घ्यावं. ५० मिलिमीटरची लेन्स असेल, तर एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं भोक चांगलं मोठं उघडून, मागचं सगळं मऊ होतं. फोनचा पोर्ट्रेट मोडही मागचं धूसर करतो, पण विस्कटलेले केस नि चष्म्याच्या कडा त्यात पुष्कळदा खाल्ल्या जातात. आणि पेटलेली ट्यूब कितीही धूसर झाली तरी पांढरा डाग होऊन डोळा ओढतेच. ती सरळ बंद करा.

मला सगळ्यात आवडते ती दाराची जागा. दिवसा, ऊन थेट आत येत नसेल तेव्हा, माणसाला उंबऱ्याच्या आत, तोंड अंगणाकडे करून बसवायचं. आतले दिवे घालवायचे. आपण बाहेर उभं राहायचं, फक्त उजेड अडवायचा नाही. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतल्या उजेडाचं माप, चेहऱ्यावर धरलं की मागचं फ्रिज, कॅलेंडर, स्विचबोर्ड सगळं काळोखात बुडतं. ना पडदा लागतो, ना फ्लॅश. पडदाच हवा असेल, तर एकरंगी चादरही चालते. अर्व्हिंग पेन या अमेरिकन छायाचित्रकाराला १९५० साली पॅरिसमध्ये नाटकाचा एक जुना पडदा मिळाला. तो त्यांनी पुढे कितीतरी वर्षं वापरला.

मात्र जी वस्तू त्या माणसाचीच आहे, ती झाकू नका. शिंप्यामागचं शिलाई मशीन असू द्या.

मागच्या दिवाळीत मावशीला असंच दारात बसवलं. "अरे, इथं कशाला? आत सोफ्यावर बसते ना," म्हणत होती. फोटो मोठा करून हातात दिला, तेव्हा बराच वेळ बघत राहिली.

"अगंबाई," म्हणाली, "ताईसारखी दिसतेय की रे मी!"