त्याना वाटा

श्रोतेहो, नमस्कार. देव मायाळू आहे, तर माझं लेकरू का नेलं? हा प्रश्न आपल्या गावागावांत, ओट्याओट्यावर विचारला जातो. माणसाने केलेलं पाप माणसाच्या माथी मारता येतं. पण सापाचं काय?

माझा चुलतभाऊ एकोणीस वर्षांचा होता. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. कपाशीत निंदायला गेला, पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. त्या वर्षी आमच्याकडे कानबाई, आमची खानदेशातली देवी, बसली नाही. पुढच्या श्रावणात बसवायचं ठरलं. तिच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजायला भाऊबंदकी ओसरीवर जमली. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. (मुठी पुरुषांच्याच नावाने का, लेकीबाळींच्या का नाहीत, हे मला आजवर पटलेलं नाही. माझ्या घरी मी मुलीच्या नावाने घेतो.) तर मोठी माय एकेक नाव घेत सुपात गहू टाकत होती. सवयीने तिच्या तोंडून त्याचं नाव गेलं. मूठ भरलेली, हात सुपावर तसाच. कुणी बोलेना. दोन-चार दाणे बोटांतून गळाले, त्यांचा आवाज ऐकू आला. तेव्हा दाराआडून काकू म्हणाली, "टाक. तो नही शे, पन त्याना वाटा शे." तो नाही, पण त्याचा वाटा आहे.

मोठ्या मायने मूठ सोडली.

अमळनेरला १९१६ पासून तत्त्वज्ञानाचं मंदिर आहे. असल्या प्रश्नांचा खल तिथे व्हायचा. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात पावसाचा दाखला दिला आहे. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. भात उगवायचा की जव, ते बियाण्यावर. तसं सुखदुःख ज्याच्या त्याच्या कर्माचं, देवाकडे पक्षपात नाही, निर्दयपणा नाही. शेतकऱ्याला पटावा असाच दाखला. पण हा दाखला दुःखाच्या घरी, दारावर बसायला गेल्यावर द्यायचा नाही. पुन्हा सांगतो, दारावर गेल्यावर द्यायचा नाही. काकूला एकाने सांगितलं होतं, "मागल्या जन्माचं देणं असेल." त्या दिवशी तिने ताट बाजूला सारलं. पोटचा गेलेल्या बाईला तिच्याच लेकराचा गुन्हा सांगणं, हे कुठलं सांत्वन? गेलात तर गप्प बसा, पाणी भरा, गुरांना चारा टाका.

रविवारी कानबाई बसली. आरती झाली, रोट वाढले. काकू पाटासमोर उभी राहिली आणि सगळ्यांदेखत देवीला म्हणाली, "तू माय शेस ना? मंग सांग माले." भगत पुढे सरसावला, तर काकांनी त्याला हाताने थांबवलं. बोलू द्या तिला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. देवाला असं विचारता येतं, हे मला त्या रात्री कळलं. जिच्यावर हक्क आहे, तिलाच माणूस जाब विचारतो.

सोमवारी विसर्जन. पाट कोण घेणार, असं कुणी विचारायच्या आत काकूने पदर खोचला आणि कानबाई डोक्यावर घेतली. बोरी नदीपर्यंत मी तिच्या शेजारून चाललो. वाटभर तिचे ओठ हलत होते, आणि पाट तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.