साडेचारला बोट सुटते

नमस्कार मंडळी. क्रूझवर एक घोषणा इतक्यांदा ऐकू येते की ती झोपेतही ऐकू येऊ लागते: साडेचारच्या आत बोटीवर परत या, बोट कुणासाठी थांबणार नाही. न्यूझीलंडच्या तौरंगा बंदरात सकाळी आठला धक्क्याला लागलो. तिथून रोटोरुआ 65 किलोमीटर. जायला-यायला अडीच तास गेले, जेवण आलं, प्रसाधनगृहाच्या रांगा आल्या. उरलेल्या वेळात एक अख्खा ज्वालामुखी प्रदेश बघायचा. तीस वर्षं मी भूगर्भशास्त्र शिकवलं, त्यामुळे बसमध्ये सगळ्यांत उतावीळ मीच होतो.

‘ते पुके’ गावाच्या किवीफळांच्या बागा मागे पडल्या आणि गंधकाचा वास सुरू झाला. नासक्या अंड्याचा, आणखी कशाचा? मागच्या सीटवरच्या एकाने खिडकी लावून घेतली, जणू वास खिडकीपुरताच होता. आमच्या सौंनी दुपारी पायातली जोडवी मला दाखवली. चांदी चक्क तपकिरी-काळी पडली होती. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडचं हे काम. वर्गात जे फळ्यावर समीकरण लिहून शिकवलं, ते बायकोच्या पायात बघायला मिळालं.

‘रोटो’ म्हणजे तळं, ‘रुआ’ म्हणजे दुसरं किंवा दोन. हे तळं म्हणजे मोठ्या उद्रेकानंतर जमीन खाली खचून झालेला खोलगट भाग. ही घटना सुमारे 2 लाख 40 हजार वर्षांपूर्वीची. मधोमध मोकोइया बेट आहे. बासरीचा आवाज ऐकत हिनेमोआ रात्री पोहत तुतानेकाईकडे गेली ती इथेच. ही गोष्ट तिथलं पोरसुद्धा सांगतं. आमच्या गाइडनेही सांगितली, पण घड्याळाकडे बघत.

मला आज सांगायचंय ते वेगळंच. आम्ही ज्या वाटेने गेलो ती पर्यटकांची वाट क्रूझ कंपन्यांनी पाडलेली नाही, ती दीडशे वर्षं जुनी आहे. 1870-80च्या काळात लोक आगबोटीने तौरंग्याला उतरायचे, घोडागाडीने आत यायचे, ‘ते वायरोआ’ नावाच्या गावी मुक्काम करायचे आणि तिथून होडीने तारावेरा तळं ओलांडून ‘गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या’ बघायला जायचे. गरम झऱ्यांच्या पाण्यातून सिलिका साचत साचत डोंगरउतारावर कुंडांच्या पायऱ्या झाल्या होत्या. गुलाबी बाजूच्या कुंडांत लोक डुंबायचे आणि जाताना पेन्सिलीने खडकावर नावं लिहायचे. तेव्हा हा रोग फक्त आपल्या गडांवरच आहे, असं समजू नका.

होड्या, गाइड, नाच, मुक्काम, सगळं तुहोरंगी या माओरी लोकांच्या हातात होतं. पैसा चांगला यायचा. त्यांच्या हिनेमिही नावाच्या सभागृहात कोरीव मूर्तींच्या डोळ्यांत शिंपल्यांऐवजी सोन्याची नाणी बसवली होती, म्हणजे बघा. गाइडांमध्ये सोफिया हिनेरंगी सर्वांत नावाजलेली. 31 मे 1886 रोजी ती पर्यटकांना होडीतून नेत असताना तळ्यावर लढाईची एक जुनी होडी दिसली. ती दिसली आणि नाहीशी झाली. अशी होडी त्या तळ्यावर नव्हतीच, असं गावकऱ्यांचं म्हणणं. होडीतल्या गोऱ्या पाहुण्यांनीही ती पाहिली होती. मी शास्त्राचा माणूस, तरी या गोष्टीला फाटा द्यावासा वाटत नाही.

दहा दिवसांनी, 10 जूनच्या मध्यरात्रीनंतर, तारावेरा डोंगर फुटला. डोंगरापासून रोटोमाहाना तळ्याच्या पलीकडपर्यंत 17 किलोमीटर लांब भेग पडली. सुमारे 120 माणसं गेली, गावं गाडली गेली, पायऱ्या नष्ट झाल्या. माझ्यासारख्याला खिळवणारी बाब अशी की बाहेर पडला तो बेसाल्ट. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ तोच. आपल्याकडे तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पातळ लाव्हा होऊन थरांवर थर पसरत गेला. तिथे तो धडाधडा फुटला, आणि रोटोमाहानाखाली गरम खडक व पाणी एकत्र आल्यावर स्फोट आणखी भयानक झाले. ‘ते वायरोआ’तली बरीच माणसं सोफियाच्या घरात आणि त्या नाणीवाल्या सभागृहात बसून वाचली. ते सभागृह पुढे गव्हर्नर ऑन्स्लोने विकत घेऊन इंग्लंडला नेलं.

तारावेरा तळ्याकाठी बसने आम्हाला दहा मिनिटं दिली. दहा! दुकानासमोर चाळीस मिनिटं थांबली.

याच सहलींना आणखी एक काळी बाजू आहे. 9 डिसेंबर 2019ला फाकाआरी हे ज्वालामुखी बेट फुटलं तेव्हा त्यावर 47 माणसं होती. त्यातली बहुतेक तौरंग्याला लागलेल्या क्रूझवरून दिवसाच्या सहलीला आलेली होती. 22 जण गेले. धक्क्यावर उभं असताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

1886च्या उद्रेकानंतर तुहोरंगी लोक फाकारेवारेवा या गावी आले (‘व्ह’ असं लिहितात, ‘फ’ म्हणतात). सोफियाही आली आणि इथे पुन्हा गाइड झाली. शेजारीच पोहुतू गिझर, म्हणजे जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं आहे, तो 30 मीटरपर्यंत पाणी उडवतो. तो मध्यंतरी थकला होता. शहरातल्या लोकांनी घरं तापवायला बोअर मारून जमिनीतलं गरम पाणी उपसलं होतं. शेजाऱ्याने बोअर मारली की आपली विहीर आटते, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. 1987मध्ये सरकारने गिझरपासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअरी बंद करायला लावल्या. तक्रारी खूप झाल्या, पण गिझर सावरले.

गावात लोक राहतात, हेच मला सर्वांत आवडलं. आम्हाला गाव दाखवणाऱ्या तिथल्या बाईंनी कापडी पिशवीतली मक्याची कणसं उकळत्या कुंडात सोडली, दोरी खुंटीला बांधली आणि बोलत राहिल्या. थोड्या वेळाने ओढून काढली, लोणी-मीठ लावून हातात दिली. कणसाला गंधकाचा वास अजिबात नव्हता. त्या म्हणाल्या, आमची पणजीही हेच करायची, पाहुणे मात्र वेगवेगळ्या बोटींनी यायचे.

गावाच्या वेशीला पूल आहे. खाली ओढ्यात पोरं पोहत होती आणि पाहुण्यांनी टाकलेली नाणी बुडी मारून काढत होती. बसचा हॉर्न वाजत होता. मी खिशातलं एक नाणं टाकलं. एक पोरगा बुडाला, खूप वेळ दिसेना, मग वर आला तो दोन्ही गाल फुगवून. माझ्या नाण्याआधीची बरीच आत होती.