राजांच्या खोऱ्यातले कारागीर

श्रोतेहो, इजिप्तच्या राजांच्या थडग्यांचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे गिझाचा पिरॅमिड येतो. परंतु इ.स.पू. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या राजांनी उंच बांधण्याची वाट सोडली आणि थीब्झ शहरासमोर, नाईलच्या पश्चिम काठावरच्या एका निर्जन खोऱ्यात, डोंगराच्या पोटात थडगी खोदून घ्यायला सुरुवात केली. पहिल्या थुटमोस राजाचे थडगे आपण एकट्याने, कोणी न पाहता, कोणी न ऐकता खोदवून घेतले, असे त्याचा अधिकारी इनेनी याने स्वतःच्या थडग्यात अभिमानाने कोरून ठेवले आहे. मात्र प्रत्यक्ष छिन्नी चालवणाऱ्यांना ती जागा ठाऊक असणारच, आणि मला आज बोलायचे आहे ते त्यांच्याविषयी.

हे कारागीर देर अल्-मदिना या गावात राहत. तटाच्या आत सुमारे 68 घरे होती. कामकऱ्यांच्या डाव्या आणि उजव्या अशा दोन तुकड्या असत, प्रत्येकीवर एक मुकादम असे आणि रोजच्या कामाची, गैरहजेरीची, इतकेच काय पण दिव्यांसाठी दिलेल्या वातींचीही नोंद लेखनिक खापरांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर करीत. काम कसे पुढे सरके, ते होरेमहेब राजाच्या अपुऱ्या राहिलेल्या थडग्यात आजही पाहता येते: भिंतीवर आधी तांबड्या रेषांत आखणी, मग जाणत्या हाताने काळ्या रेषेत केलेली दुरुस्ती, त्यानंतर कोरीव काम आणि सर्वांत शेवटी रंग. राजा वारला की साधारण 70 दिवसांत, म्हणजे नेट्रॉन या क्षाराने शरीर सुकवून ते लिननच्या पट्ट्यांत गुंडाळण्याचे विधी चालू असतानाच, थडगे दफनासाठी सज्ज करावे लागे. त्यामुळे कित्येक भिंती रेषांवरच थांबल्या. मला तर पूर्ण रंगवलेल्या भिंतींपेक्षा या थांबलेल्या भिंती अधिक बोलक्या वाटतात.

या माणसांना मजुरी धान्याच्या रूपात मिळे. तिसऱ्या रामसेसच्या 29व्या वर्षी ते धान्य वेळेवर आले नाही, तेव्हा महिन्याचे 18 दिवस उलटले आणि आम्ही भुकेले आहोत, असे सांगत ते काम टाकून तिसऱ्या थुटमोसच्या मंदिरामागे जाऊन बसले. तोंडीलावण्याला मासे नाहीत, भाजी नाही, अंगावर कपडा नाही, हे आमचे म्हणणे राजाला कळवा, अशी त्यांची मागणी होती. इटलीतल्या तुरीन येथील पपायरसवर, म्हणजे पाणवनस्पतीपासून केलेल्या कागदावर, ही हकिकत लिहिलेली असून संपाची ही जगातली सर्वांत जुनी नोंद मानली जाते. देवतुल्य राजाचे अनंतकाळचे घर खोदणाऱ्यांची चूल विझली होती, ही गोष्ट ज्या लेखनिकाने टिपली त्याचे आपल्यावर मोठे ऋण आहे.

पुढे राज्य दुबळे झाले आणि चोऱ्या वाढल्या. नवव्या रामसेसच्या काळात पकडलेल्या आमेनपानुफेर नावाच्या पाथरवटाने, सोबेकेमसाफ राजाचे थडगे फोडून अंगावरचे सोने काढल्याचा आणि शवपेट्या जाळल्याचा कबुलीजबाब दिला. अखेर एकविसाव्या राजवंशाच्या काळात पुरोहितांनी अनेक राजांचे देह पुन्हा कापडात गुंडाळले आणि देर अल्-बहरीजवळच्या एका गुप्त विवरात नेऊन ठेवले. 1881 मध्ये अधिकारी त्या विवरात उतरले, तेव्हा दुसरा रामसेस साध्या लाकडी शवपेटीत होता आणि त्याला कुठून कुठे हलवले, हे त्या पेटीवरच कोणा लेखनिकाने शाईने लिहून ठेवले होते.