लाल तेलाची कढई

(दृश्य: नदीवर धुकं. दोन रंगांचं पाणी एकमेकांत मिसळताना, उंचावरून.)

गढूळ ती यांगत्से, हिरवट ती जियालिंग. चीनमधलं चोंगचिंग शहर या संगमावर वसलंय. १९९७ पर्यंत ते सिचुआन प्रांतात होतं. इथल्या धक्क्यांवर हमाल आणि नावाडी राबायचे. कत्तलखान्यात ज्याला गिऱ्हाईक नसे, ती वजडी आणि आतडी त्यांच्या वाट्याला यायची. वास दबावा म्हणून मिरची, अंगातला गारठा जावा म्हणून पुन्हा मिरची. हॉटपॉटची, म्हणजे टेबलावर उकळणाऱ्या रश्शात बुडवून खायच्या जेवणाची, जन्मकथा इथे अशी सांगतात.

(दृश्य: स्वयंपाकघर. पातेल्यात मिरच्या. आजींचे हात.)

कोरडी मिरची सरळ तेलात टाकली तर क्षणात काळी पडते. म्हणून आजींनी ती उकळत्या पाण्यात मऊ करून घेतलीय. जाती दोन. लांबट ती रंगासाठी, आणि आभाळाकडे तोंड करून वाढणारी बुटकी तिखटासाठी. आता ठेचायची. याचं चिनी नाव वेगळं आहे, पण आपण त्याला ठेचाच म्हणू.

(दृश्य: उघड्या अंगणात मातीच्या रांजणांच्या रांगा.)

रश्शाचा खरा जीव इथे आहे. चेंगडूजवळच्या पिश्येनमध्ये मिरची आणि फावा नावाच्या शेंगेचे दाणे मीठ घालून आंबवतात, त्याचं होतं दोबानजियांग. दिवसा ऊन, रात्री दव, पाऊस आला की झाकण. अधूनमधून लांब दांड्याने खालीवर ढवळायचं. वर्ष जातं. काही रांजण तीन वर्षं तसेच राहतात, आणि लाल रंग काळपट होत जातो.

दुकानात रश्शाची तयार वडी मिळते. या घरात ती आणत नाहीत.

(दृश्य: कढई, अगदी जवळून.)

बैलाची चरबी. थंड असताना साबणाच्या वडीसारखी पांढरी. ती वितळली की आलं, लसूण, पातीचा कांदा. त्यांचा वास तेलात उतरला की करपायच्या आत बाहेर काढायचे. मग दोबानजियांग आणि ठेचा. आता आच मंद आणि उलथनं सतत तळाला.

ऐका.

(निवेदन थांबतं. फक्त कढईचा आवाज.)

मघाशी तडतड मोठी होती, ते ठेच्यातलं पाणी. आता बारीक बुडबुडे आहेत. पाणी उडालं की तेल लाल व्हायला लागतं. आच वाढवली तर तेल वरून लाल दिसतं आणि तळाला कडू होतं. तासभर आजींचा हात थांबलेला नाही. मधे एकदा फोन वाजला, तोही त्यांनी वाजू दिला.

(दृश्य: ताटलीत मसाले.)

चक्रीफूल, तमालपत्र, बडीशेप, दालचिनी, आणि आपल्या मसाला वेलचीसारखी दिसणारी त्साओक्वो. सगळं आधी भिजवलेलं. सर्वांत शेवटी हुआजियाओ. कोकणातल्या बांगड्याच्या आमटीत तिरफळ पडतं ना, त्याचं हे जवळचं नातलग. वनस्पतिशास्त्रात दोघांची प्रजाती (जीनस) एकच, झँथोझायलम. हुआजियाओ तिखट लागत नाही, मुंग्या आणतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ साली या मुंग्या मोजल्या. ओठांवर सेकंदाला सुमारे ५० कंपनं.

खडीसाखर, आंबवलेला काळा सोयाबीन, तांदळाच्या दारूचा गोडसर साका. गॅस बंद. रात्रभर झाकून.

(दृश्य: सकाळ. कढईत गोठलेला लाल थर. सुरीने वड्या पाडताना.)

बाहेर काही हॉटेलांत गिऱ्हाइकांचं उरलेलं तेल गाळून पुन्हा कढईत जातं. त्याला ‘लाओयू’, जुनं तेल म्हणतात. कायद्याने बंदी आहे, मालक तुरुंगातही गेलेत.

(दृश्य: हाडांचा पांढरा रस्सा उकळतोय. त्यात वडी पडते.)

वडी विरघळते आणि तर्री कडेकडेने पसरते. समोर प्रत्येकाच्या वाटीत तिळाचं तेल आणि वाटलेला लसूण. भाजलेल्या तिळाची चटणी उत्तरेत, बीजिंगकडे. इथे तेलच, त्यात बुडवलं की तोंडाचा जाळ थोडा निवतो.

वजडीचा नियम घरातल्या पोरांनाही पाठ आहे. चॉपस्टिकमध्ये धरायची, सात वेळा वर, आठ वेळा खाली. जास्त ठेवली तर रबर.

(दृश्य: टेबलाभोवती चार माणसं, वाफ. एक खुर्ची रिकामी.)

दोन वड्या आजींनी वेगळ्या बांधून ठेवल्यात. त्या दुपारच्या गाडीने चेंगडूला जातील.

(दृश्य: पिशवीला गाठ मारणारे हात. पडदा काळा.)